लांब नाक, मिटले डोळे, मुक्काम पोस्ट औंध

हेन्री मूरचं शिल्प बघायला लोक व्हिसाच्या रांगेत उभे राहतात. साताऱ्याच्या माणसानं रहिमतपूरमार्गे औंधची एसटी धरली तरी भागतं. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे आणि विसाव्या शतकातल्या या बड्या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प तिथं आहे. अस्सल.

मी ते पहिल्यांदा ‘पाहिलं’ शाळेच्या सहलीत. म्हणजे पाहिलं नाहीच. रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायकांसमोर आमची रांग रेंगाळली आणि मूरच्या समोरून झपाझप निघून गेली. एका पोरानं तेवढं विचारलं, “गुरुजी, हे अर्धवट राहिलंय का?” गुरुजी म्हणाले, “चला पुढं, डबे खायचेत.”

पोराचा प्रश्न मात्र जागतिक दर्जाचा होता. १९१२ साली पॅरिसच्या शरद प्रदर्शनात आमेदेओ मोदिल्यानी नावाच्या पोरगेल्या इटालियनानं सात दगडी डोकी मांडली, तेव्हा तिथल्या भल्याभल्यांच्या तोंडावर हेच होतं. सुरनळीसारखी नाकं, बदामी डोळे, चिमटीएवढं तोंड, गळा हातभर. हे काय, अर्धवट राहिलंय का?

राहिलं नव्हतं. ग्रीक पुतळ्यांच्या सुबक नाकाचा कंटाळा आलेली ती पिढी होती. चित्रकार पिकासो, शिल्पकार ब्रांकुसी, मोदिल्यानी, मागाहून मूर, सगळे संग्रहालयांच्या मागच्या दालनांत जाऊन आफ्रिकेचे मुखवटे, इजिप्तची मस्तकं, ग्रीसच्या सिक्लाडिक बेटांवरच्या चारपाच हजार वर्षांपूर्वीच्या सपाट मूर्ती, मेक्सिकोचे पाषाणदेव बघत होते. त्यांना साक्षात्कार झाला तो असा, की डोळा डोळ्यासारखा काढला नाही तरी चेहरा बघतो. 

यात साक्षात्कार कसला, असं मिरजेची कुठलीही आजी विचारील. पण ते पुढं.

उधारीचा दगड, मेणबत्तीचा उजेड

मोदिल्यानीकडं दगड विकत घ्यायला पैसे नसत. पॅरिसमध्ये तेव्हा जागोजाग बांधकामं चालली होती. तिथली चुनखडी रात्री ढकलगाडीवरून त्याच्याकडं ‘यायची’, असं त्याचे दोस्त सांगत. आपल्याकडं वाळू जाते, तिकडं दगड जायचा.

जेकब एपस्टाइन हा शिल्पकार त्याच्या खोलीवर गेला होता. नऊदहा लांबट डोकी मांडलेली. रात्री मोदिल्यानी प्रत्येकीच्या टाळूवर मेणबत्ती लावून ठेवायचा. एपस्टाइनला ती खोली एखाद्या आदिम देवळासारखी वाटली. आपल्याला वाटलं असतं, दीपमाळ लावलीय.

तीन वर्षं, फार तर पाच, एवढाच त्याचा दगडाशी संसार. क्षयानं पोखरलेल्या छातीत दगडाची भुकटी जायची. तो चित्रांकडं वळला आणि १९२० च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी गेला. डोकी उरली साधारण पंचवीस. त्यातलं एक २०१४ मध्ये न्यूयॉर्कला ७ कोटी ७ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दरानं चारशे कोटींहून जास्त रुपये. दगड बहुधा फुकटचा.

कालव्यात सापडलेला देव

आपल्याकडं देव स्वप्नात येऊन सांगतो, मी अमक्या डोहात आहे, मला वर काढा. इटलीतल्या लिव्होर्नो या मोदिल्यानीच्या गावी अगदी तसंच झालं. मित्रांनी टिंगल केली म्हणून त्यानं आपली काही डोकी कालव्यात फेकली, अशी जुनी वदंता होती. १९८४ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, पालिकेनं कालवा उपसायला घेतला आणि डोकी निघाली की! एक नाही, तीन. तज्ज्ञांनी मान डोलावली. वर्तमानपत्रांनी गुढ्या उभारल्या.

आणि मग तीन कॉलेजकुमार पुढं आले. म्हणाले, त्यातलं एक आमचं. पालिकेला काहीच सापडेना म्हणून आम्हालाच दया आली. घरातला भोकं पाडायचा ड्रिल घेतला, दगडावर चालवला आणि रात्री नेऊन टाकला. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा टीव्हीवर सगळ्या देशासमोर त्यांनी तसलंच दुसरं डोकं करून दाखवलं. उरलेली दोन गोदीत काम करणाऱ्या एका चित्रकारानं केली होती.

या गोष्टीत माझी सगळी सहानुभूती तज्ज्ञांकडं आहे. अर्धवट वाटणाऱ्या दगडातलं पुरं कुठलं आणि खरंच अर्धवट कुठलं, हे ओळखणं सोपं नाही. आमच्या सहलीला जमलं होतं का?

पिकासोच्या कपाटातला ऐवज

१९११ साली पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली आणि पिकासोची गाळण उडाली. मोनालिसा त्यानं घेतली नव्हती. पण चार वर्षांपूर्वी एका भामट्यानं त्याच लुव्रमधून उचललेली प्राचीन स्पेनची दोन दगडी डोकी त्यानं विकत घेतली होती, आणि ती घरीच होती. त्यांचे मोठाले कान आणि डोळे त्याच्या १९०७ च्या ‘आव्हिन्यॉच्या तरुणी’त उतरले होते, आफ्रिकी मुखवट्यांच्या शेजारी. पिकासो आणि त्याचा कविमित्र आपोलिनेर ती डोकी पेटीत घालून रात्रभर सेन नदीच्या काठानं हिंडले, नदीत टाकू म्हणून. धीर झाला नाही. शेवटी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन दिली. आपोलिनेरला तरीही काही दिवस कोठडीत काढावे लागले.

म्हणजे आधुनिक कलेचं बाळंतपण चोरीच्या मालावर झालं म्हणायला हरकत नाही.

आता आपला देव्हारा

आता मिरजेच्या आजीकडं येऊ. तिच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवलेले, आगपेटीएवढे. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि घरातला कुणी वीर. एक हातात घेऊन नीट बघा. डोळे चेहऱ्याच्या मानानं फारच मोठे, नाक म्हणजे कपाळापासून निघालेली एक उभी घडी, ओठ असून नसल्यासारखे. वर्षानुवर्षं चिंच आणि राखेनं घासून घासून कडा इतक्या मऊ झालेल्या, की घोडा कुठं संपतो आणि देव कुठं सुरू होतो ते बोटालाच कळतं. ब्रांकुसी आपली ब्राँझची डोकी महिनोन्महिने हातानं घासून गुळगुळीत करायचा. आजीच्या घरात हे काम चार पिढ्या चाललंय.

टाक म्हणजे नुसती वस्तू नव्हे, त्याला भेटीगाठी असतात. त्याला मूळ ठाण्यावर, जेजुरीला नाही तर पालीला, ‘भेटवायला’ न्यायचं. नवऱ्यानवरीसारखा हळदीनं पिवळा होऊन तो परत येतो.

टाकाच्याही पुढची पायरी तांदळा. हा शब्द ज्यानं ठेवला त्याला माझा दंडवत. हात नाहीत, पाय नाहीत, नाकडोळे नाहीत, नुसता गोल धोंडा, त्यावर शेंदूर. फार तर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. माहूरची रेणुका तांदळा आहे, नुसतं मुख. परशुरामानं आईचं शिर उडवलं ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या देवीच्या कथेतच शिर धडावेगळं झालं, तिचं नुसतं मुख पुजलं जावं, यात तिच्या भक्तांना काही अर्धवट वाटत नाही. जतच्या यल्लम्माच्या जत्रेत, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातच, जोगती डोक्यावर ‘जग’ घेऊन येतात. टोपलीत बसवलेला देवीचा पितळी चेहरा, भोवती मोरपिसं, हळदकुंकवाचा चिखल. माणसाच्या डोक्यावर देवीचं डोकं. तो जग नाचत असतो तेव्हा खालचा चेहरा कुणी बघत नाही.

शेंदराचीही एक गंमत. तो दरसाल वर चढत जातो, आणि मूळ मूर्ती आत हरवून जाते. नाक बसतं, हनुवटी विरघळते, शेवटी अंड्यासारखा एक आकार राहतो. वणीच्या सप्तशृंगीवरचा असा शेकडो किलो शेंदूर २०२२ साली शास्त्रीय पद्धतीनं उतरवला, तेव्हा आतून वेगळंच रूप बाहेर आलं. शेंदूर फासणाऱ्या कुणालाच आपण शिल्पकार आहोत असं वाटलं नव्हतं. पण शेकडो वर्षं तो चेहरा घडवत होते तेच.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तांब्यावर नारळ ठेवून त्याला देवीचा मुखवटा बांधतात. मुखवटा बाजूला काढा. नुसता नारळ, शेंडी वर, तीन डोळे. ब्रांकुसीची ‘निद्रिस्त कलादेवी’ १९१० ची. अंड्यासारखं एक ब्राँझचं डोकं, मान नाही, धड नाही, आडवं पडलेलं. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा माझ्या मनात आलं ते हेच: उत्तरपूजा झाली, आता हा फोडायचा आणि खोबऱ्याची वडी.

घरच्या गौरींचं सांगायला लागलो तर अंक पुरणार नाही. आमच्याकडचे मुखवटे पितळी. वर्षभर आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत. आणायच्या दिवशी ती पहिली घडी उलगडली की आधी नाक दिसतं. लांब, सरळ, एखाद्या पट्टीसारखं. मोदिल्यानीला ज्या मुखवट्यांनी वेड लावलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचे. त्यांचंही नाक असंच, कपाळातून सरळ खाली आलेलं, डोळे अर्धे मिटलेले, तोंड छोटं. बाउले सुतार आणि आपला तांबट एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण ज्या चेहऱ्यापुढं हात जोडायचे तो माणसासारखा दिसून चालत नाही, हे दोघांनाही कळलं होतं. आणि कोकणस्थांच्या घरी तर चेहऱ्याचीही भानगड नाही. नदीवरून पाचसात खडे आणायचे, झाल्या गौरी. इतकी मजल पॅरिसनंही मारली नाही.

दोन्हीकडं आणखी एक साम्य आहे, ते मात्र कडू. बाउले सुताराचं नाव कुठल्या पाटीवर नाही. टाक ठोकणाऱ्या सोनाराचंही नाही. नाव आणि डॉलर गेले ते बघून घेणाऱ्याकडं.

पालीचा नवरदेव

कराडजवळ तारळीच्या काठी पाली. पौषात तिथं खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, गोरज मुहूर्तावर. मानकरी देवाचे मुखवटे पोटाशी बांधून मिरवणुकीत निघतो. पोटाशी, हे लक्षात घ्या. तोंडावर नाही. माणसाचा चेहरा वर, देवाचा चेहरा खाली, आणि मधे भंडाऱ्याचा इतका पिवळा धुरळा की दोन्ही सारखेच दिसतात. पिकासोनं एका धडावर दोन चेहरे काढले तर त्यावर प्रबंध होतात. पालीला लोक खोबरं उधळतात.

टाकीचे घाव

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण दहावीच्या निरोप समारंभात वापरून वापरून बोथट केली. पण आधुनिक शिल्पकलेतलं मोठं भांडण नेमकं या टाकीवरून झालं.

रोदँसारखे जुने बडे शिल्पकार मातीत किंवा प्लॅस्टरमध्ये नमुना करत. संगमरवरात तो उतरवायचं काम पगारी कारागिरांचं. मापं घेऊन, टिंब टिंब जुळवून. ब्रांकुसी १९०७ साली रोदँच्या कारखान्यात लागला आणि जेमतेम महिन्यादोन महिन्यांत निघाला. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं सरळ दगडालाच टाकी लावली. नमुना नाही, मदतनीस नाही. मोदिल्यानी त्याच्याच शेजारात शिकला. मूरनंही तोच वसा घेतला: दगड दगडासारखाच दिसला पाहिजे, त्याला लोणी असल्याचं सोंग आणायचं नाही.

आमच्या लहानपणी दुपारी गल्लीत हाळी यायची, “पाट्याला टाकी, जात्याला टाकीऽऽ”. वडाराची बाई ओसरीवर बसायची, गुळगुळीत झालेला पाटा पुढ्यात ओढायची आणि टक् टक् टक् सुरू. नमुना कुठं असतो पाट्याला? दगडाची शीर बघायची, हात तिरका धरायचा. अर्ध्या तासात पाट्यावर असा काही पोत उमटायचा की त्यावरून तळवा फिरवत बसावं. कोपऱ्यात ती चारसहा जादा ठिपके मारून एक चांदणी काढून द्यायची. त्याचे पैसे वेगळे नसायचे.

टाकीचं देवपण बघायचं तर वाईला कृष्णेच्या घाटावर जा. ढोल्या गणपती, गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधवलेल्या देवळात. एका दगडातला, भलाथोरला. नाव ढोल्या पडलं ते उगाच नाही. डोकं, पोट, मांड्या, सगळं गोलाईत, कुठं नक्षीचा सोस नाही. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. मूर्तीला आकार भक्तीनं दिला, भिंतीला कृष्णेनं.

होळकरांचा पक्षी

आता एका मराठी माणसाची गोष्ट, ज्यानं ब्रांकुसीला थेट हिंदुस्थानात आणलं.

होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. त्यांचे वंशज, इंदूरचे दुसरे यशवंतराव, गादीवर आले १९२६ मध्ये, वय सतरा. राणी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या. दोघांचे फोटो काढले मान रे या छायाचित्रकारानं. हा तोच मान रे, ज्यानं १९२६ साली एका गोऱ्या बाईचा निजलेला चेहरा आणि तिनं हातात धरलेला काळा आफ्रिकी मुखवटा असा तो जगप्रसिद्ध फोटो घेतला. कागलची लेक आणि आयव्हरी कोस्टचा मुखवटा, एकाच माणसाच्या कॅमेऱ्यापुढं बसून गेले.

यशवंतरावांनी ब्रांकुसीचे तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. ‘अवकाशातला पक्षी’ याला पंख नाहीत, चोच नाही. नुसती वर झेपावणारी एक रेघ. याच पक्ष्याच्या आधीच्या एका भावंडाला अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी १९२६ साली अडवलं होतं. हे शिल्प नव्हे, म्हणाले. आणि स्वयंपाकाची भांडी व इस्पितळाची उपकरणं या सदरात घालून ४० टक्के जकात लावली. ब्रांकुसी कोर्टात गेला. १९२८ साली निकाल लागला: पक्षी पक्ष्यासारखा दिसला नाही तरी ती कला आहे. आमच्या सहलीतल्या पोराच्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं कायदेशीर उत्तर.

महाराजांच्या मनात इंदुरात एक ध्यानमंदिर उभारायचं होतं आणि त्यात हे पक्षी ठेवायचे होते. १९३७ मध्ये संयोगिताबाई अवघ्या तेविशीच्या आसपास गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुसी बोटीनं निघाला आणि १९३८ च्या सुरुवातीला इंदूरला पोहोचला. मंदिर झालं नाही. ब्रांकुसी परत गेला. काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

इंदूरला असते तर आपण त्यांना शेंदूर लावला असता, हेही खरं.

१९३८, काय वर्ष!

ब्रांकुसी इंदुरात. तिकडं नायजेरियातल्या इफे गावात एकानं घराचा पाया खणायला घेतला, आणि जमिनीतून डझनभराहून जास्त पितळी डोकी वर आली. सहासातशे वर्षांची. गालावर उभ्या रेघा, ओठ जिवंत, इतकी हुबेहूब की युरोपियनांची बोलती बंद. त्याआधी १९१० मध्ये तिथं अशीच डोकी पाहून एका जर्मन पंडितानं ठरवून टाकलं होतं की ही बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीकांची असणार. आफ्रिकी माणसाला नाक सरळ काढता येत असेल, हे त्याच्या गळी उतरेना. म्हणजे ज्यांनी नाक लांबवलं त्यांना हुबेहूब काढता येत नव्हतं, हा समजच खोटा. येत होतं. काढायचं नव्हतं.

आणि इकडं औंधात त्याच वर्षी राजेसाहेबांनी डोंगरावर संग्रहालय उभं केलं.

हे राजेसाहेब म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान केवढं? थोडं साताऱ्यात, थोडं आजच्या सांगलीतल्या आटपाडीकडं, थोडं विजापुराकडं. नकाशावर शाई सांडल्यासारखं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये माळरानावर जागा दिली ती यांनीच, तीच आजची किर्लोस्करवाडी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. सूर्यनमस्काराचे तर ते चालतेबोलते ब्रीदवाक्य होते. त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं तेही १९३८ मध्येच. आणि वर्ष संपता संपता सत्तरीच्या या राजानं जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हाती देतो. जानेवारी १९३९ मध्ये तशी घटनाही झाली. बाकीचे संस्थानिक तेव्हा रोल्सरॉईसचे रंग निवडत होते.

औंध ते नैरोबी

याच राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. स्वतंत्र भारतानं १९४८ मध्ये त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आपले आयुक्त म्हणून पाठवलं, मुक्काम नैरोबी. तिथं त्यांनी जोमो केन्याटांसारख्या आफ्रिकी पुढाऱ्यांशी अशी काही दोस्ती केली की इंग्रज सरकार हैराण झालं, यांना परत बोलवा म्हणून दिल्लीकडं तक्रारी गेल्या. पुढं ते इटलीत राजदूत झाले, लंडनला उच्चायुक्त झाले. म्हणजे मोदिल्यानीचा देश, मूरचा देश आणि आफ्रिका, तिन्ही ठिकाणी औंधचा माणूस सरकारी मुक्कामाला राहून आला.

मिरजेचं डोकं

आफ्रिकेचं एक डोकं मिरजेत रोज गातं. तंबोऱ्याचा भोपळा! ज्या जातीचा हा कडू भोपळा, तिचं मूळ वनस्पतिशास्त्रज्ञ आफ्रिकेत दाखवतात. आज तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडं पिकतो, वाळवून मिरजेत येतो. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारीला धार लावणारे. तलवारी गेल्या, हात राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाच्या माळ्यावर वाळलेले भोपळे ओळीनं मांडलेले दिसतात, मान लांब, टाळू गोल, चेहरा कोरा. त्यांच्यावर मेणबत्त्या लावा, मोदिल्यानीची खोली तयार.

डोळे कपाळात

गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा डोकी रंगवायचा, आणि डोळे अक्षरशः कपाळात काढायचा. बघणाऱ्याचेही जायचे. १९४७ च्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह या कलावंतांच्या गटाचा तो म्होरक्या. त्या गटातला एकटा शिल्पकार मराठी होता, सदानंद बाकरे, जन्म बडोद्याचा. १९५१ ला लंडनला गेला, १९७५ ला परतला आणि मुरूड-हर्णैला समुद्राकाठी जाऊन राहिला. त्याच गटातल्या रझा-हुसेनची नावं कुणालाही येतात. बाकऱ्यांचं विचारलं तर लोक बेकरीचा पत्ता सांगतील.

पुन्हा डोंगरावर

दोन वर्षांपूर्वी मी औंधला पुन्हा गेलो, सहलीविना. यावेळी रविवर्मा मागून.

मूर १८९८ चा, यॉर्कशरमधल्या कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा मुलगा. आईला संधिवात. पोर असताना तो तिच्या पाठीला तेल चोळायचा. ती पाठ बोटांनी लक्षात ठेवली, असं तो म्हातारपणीही सांगे. लंडनला शिकायला आल्यावर ब्रिटिश म्युझियममध्ये त्यानं आफ्रिका आणि मेक्सिको पाठ केले, पॅरिसला जाऊन मेक्सिकोच्या चकमूल देवाचा साचा पाहिला, मान काटकोनात वळवून पडलेला. एक चेहरा असा, की त्यात ओळखीचं माणूस दिसत नाही आणि तरी तो ओळखीचा वाटतो, हे त्यानं तिथून उचललं. आणि जन्मभर सगळ्यात जास्त जे केलं त्यात हे एक: आई आणि मूल.

आई आणि मूल साताऱ्याला नवं नाही. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी घंटा टांगलीय ती वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा, आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. शंभू महादेवासमोर ती मायलेकरं पिढ्यान्पिढ्या बिनतक्रार वाजताहेत.

मी मूरसमोर उभा असताना एक कुटुंब आलं. यमाईचं दर्शन करून, कपाळाला मळवट, हातात नारळाची पिशवी. म्हातारी पुढं आली, दगडाकडं बघितलं, पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं नमस्कार केला. नातू म्हणाला, “आज्जे, ह्यो देव न्हाय.” ती म्हणाली, “आसंना. लेकुरवाळी हाय.” आणि पुढच्या दालनात गेली.

औंध साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. डबे नंतर खा.